बाटली आपली, डाव सगळ्यांचा

फिलाडेल्फियाला गेलेला मराठी माणूस तीन गोष्टी केल्याशिवाय परत फिरत नाही. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे संमत झाला ती लाल विटांची इमारत पाहणे, ही पहिली. जवळच्याच दालनात ठेवलेली, तडा गेल्यामुळे कायमची मुकी झालेली स्वातंत्र्याची घंटा पाहणे, ही दुसरी. तिसरी गोष्ट पाहण्याची नव्हे, आठवण्याची आहे. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच शहरात शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना इथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, आणि तो सोहळा पाहायला पंडिता रमाबाई सातासमुद्रांपलीकडे येऊन हजर राहिल्या होत्या.

हे तिन्ही मी पहिल्या आठवड्यातच उरकले. चौथी गोष्ट मात्र कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हती. ती मला माझ्या भाचीने दाखवली.

"आत्या, शनिवारी रात्री तुला बारमध्ये नेणार आहे," ती एका सकाळी चहाच्या टेबलावर म्हणाली.

वहिनी गालातल्या गालात हसली. दादाने हातातल्या फोनवरची नजर काढली नाही.

"अगं, मी कॉलेजात ज्ञानेश्वरी शिकवते!" मी म्हटले.

"त्याचा काही प्रश्न नाही. तिथं दारू मिळतच नाही."

"मग तो बार कसला?"

"ज्याची त्यानं बाटली न्यायची. तिथं मिळतात पेले, बर्फ आणि खेळ. मोठ्या माणसांचे खेळ."

'मोठ्या माणसांचे खेळ' या शब्दांनी माझ्या मनात जे काही आले ते इथे लिहिण्यासारखे नाही. भाचीने ते चेहऱ्यावरून ओळखले असावे, कारण तिने लगेच यादी सांगितली: पट, पत्ते, सोंगट्या, ठोकळे. माझा जीव भांड्यात पडला.

पण बार उघडायचा आणि दारू विकायची नाही, हा काय प्रकार? त्याचे मूळ शोधायला गेले तर ते थेट कायद्याच्या पोटात सापडते. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठली. पण पेनसिल्व्हेनिया राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर गिफर्ड पिंशो हे पक्के दारूविरोधी. बंदी उठणार हे दिसताच त्यांनी आधीच, नोव्हेंबरात, कायदा करवून घेतला आणि दारूचा धंदा सरकारच्या मुठीत आणला. हेतू असा की, दारू मिळावी. पण मिळवता मिळवता माणूस मेटाकुटीला यावा आणि खिसाही हलका व्हावा.

पुढे नियम पुष्कळ सैल झाले. आता वाण्याच्या मोठ्या दुकानातही वाइन मिळू लागली आहे. पण कडक मद्याची बाटली घ्यायची तर लोक अजूनही सरकारी दुकानाचीच पायरी चढतात. दादाबरोबर मीही ते दुकान पाहून आले. आरे कॉलनीचे दूध सरकारी केंद्रावरून विकलेले आपल्या पिढीने पाहिले आहे. सरकारच गल्ल्यावर बसून विलायती दारू विकत आहे हे दृश्य मी प्रथमच पाहिले. दुकान लख्ख, कर्मचारी अदबशीर, आणि गिऱ्हाइके भाजी निवडावी तशी बाटल्या निवडत होती.

हॉटेलांची गोष्ट याहून बिकट. मद्य विकण्याचे परवाने इथे मोजून मापून आहेत. काउंटीतल्या दर तीन हजार माणसांमागे एक, असा हिशेब. त्यामुळे परवान्यांची खरेदी-विक्री चालते, आणि या शहरात एका परवान्याला लाख डॉलरच्या वर किंमत येते. आता चार टेबलांची खाणावळ टाकणाऱ्याने एवढे पैसे आणायचे कुठून? पण त्याच कायद्यात एक फट राहिली आहे. परवाना लागतो तो विकण्याला. गिऱ्हाइकाने घरून आणलेली बाटली टेबलावर ठेवली, तर ती विक्री होत नाही. या फटीतून फिलाडेल्फियात 'आपली बाटली आपण आणा' म्हणणाऱ्या कितीतरी लहान खाणावळी उगवल्या, आणि आता तर हे शहर त्यांच्यासाठीच नावाजले जाते.

आपल्याला हसायला जागा नाही. तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पुढे बंदी सैल झाली, कायदा राहिला. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याजवळ आजही कायद्याने परवाना असावा लागतो, आणि हमरस्त्यावरची 'परमिट रूम' ही पाटी त्याचीच खूण आहे. त्या पाटीखालचे दार आणि आतला तांबडा अंधार मी जन्मभर समोरच्या फुटपाथवरूनच पाहत आले. आपल्याकडे बारमध्ये शिरणारा माणूस आधी मागे वळून पाहतो. बायकांनी तर तिकडे पाहायचेही नसते.

आणि बायकांना दारूचा राग यावा याला कारणे होतीच. अमेरिकेतली दारूबंदीची चळवळ उभी केली ती मुख्यतः बायकांनी. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जातो आणि पोरे उपाशी झोपतात, हे त्यांचे साधे गाऱ्हाणे होते. १८७४ साली त्यांनी आपला मद्यपानविरोधी संघ काढला. पुढे त्याच्या अध्यक्षा झालेल्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी आपल्या रमाबाईंचा मोठा स्नेह जडला होता. रमाबाईंचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले. त्या पुस्तकाच्या लेखिकेला स्मरून मी शनिवारी संध्याकाळी बारमध्ये जायला निघाले, हे थोडे विचित्रच झाले. पण माझ्या पिशवीतली बाटली आगळाची होती. पुण्याहून येताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेले कोकमाचे आगळ! आपली बाटली आपण न्यायची तर मी दुसरे काय नेणार?

जागा शहराच्या दक्षिण भागात, एका जुन्या विटांच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या तरुणाने माझ्याकडे वयाचा दाखला मागितला. रात्री एकवीस वर्षांच्या आतल्या कोणालाही वर सोडत नाहीत. मी त्याला माझे पिकलेले केस दाखवले. तो नम्रपणे हसला आणि म्हणाला, केस चालत नाहीत, पासपोर्ट लागतो. सव्वीस वर्षे मागे जाऊन वय सिद्ध करण्यात जे सुख आहे ते त्या रात्री मी पुरेपूर उपभोगले. मग माणशी दहा डॉलर घेऊन त्याने आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या. राखीपौर्णिमाच जणू!

वर एकच लांबरुंद दालन. उंच छत, उघडे लोखंडी खांब, आणि तांबड्या अंधाराऐवजी स्वच्छ पिवळा उजेड. बारमध्ये असतो तो लांब कट्टा नाहीच. त्या जागी भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर खेळांची खोकी. कोपऱ्यातल्या टेबलावर काचेचे पेले, बर्फाचे भांडे आणि बुचे काढण्याची आयुधे. ज्याला जे हवे ते त्याने उचलून न्यावे. खायला म्हणाल तर गरम प्रेट्झेल. फिलाडेल्फियाचा हा मुरडलेला खारा पदार्थ म्हणजे आपल्या चकलीचा जाडा, मऊ आणि अंमळ आळशी चुलतभाऊ.

मोठ्या माणसांचे खेळ काय असतात हे मग दिसू लागले. एका भिंतीलगत बावीस फूट लांबीचे गुळगुळीत लाकडी टेबल होते. त्यावर रवाळ पूड भुरभुरून लोक धातूच्या जड चकत्या हाताने पुढे सरकवत. चकती पार टोकाशी जाऊन थांबायला हवी, पण खाली पडता कामा नये. मला आमच्या वाड्यातल्या कॅरमची आणि बोरिक पावडरीची आठवण झाली. फरक इतकाच की, आपण टिचकी मारतो आणि हे ढकलतात. पलीकडे भोक पाडलेली उतरती फळी मांडून सत्तावीस फुटांवरून त्या भोकात कापडी पिशव्या फेकण्याचा खेळ चालला होता. फेकणाऱ्यांमध्ये एक साठीच्या बाई होत्या. नेम बसला की त्या जागच्या जागी गिरकी घेत. कुणी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचून त्यातला एकेक ठोकळा अलगद काढत होते. मनोरा कोसळला की त्या टेबलाचीच नव्हे, शेजारच्या चार टेबलांचीही हसण्याची लाट उठे.

फळ्यांवरची खोकी चाळताना माझ्या हाती एक जुने खोके लागले. वर लिहिले होते 'पार्चीसी', आणि खाली मखलाशी होती की, हा हिंदुस्थानचा राजेशाही खेळ आहे. उघडून पाहते तो आपला सारीपाट! १८७४ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने पचीसीचे हे नाव आपल्या नावावर नोंदवून टाकले आणि कवड्यांच्या जागी फासे दिले. योगायोग पाहा, ज्या साली बायकांनी दारूविरुद्ध संघ काढला त्याच साली हा पट इथे नोंदला गेला. आणि आज दोघांचे वारस एका छपराखाली सुखाने नांदत होते.

शेजारच्या टेबलावर रुग्णालयातल्या परिचारिकांचा एक घोळका बसला होता. त्यांच्यापाशी बूच काढण्याचा स्क्रू नव्हता. दादाने आपला दिला. त्या बदल्यात त्यांच्यातल्या एकीने आम्हांला सफरचंदाच्या केकचा मोठा तुकडा आणून दिला आणि माझ्या बाटलीतले ते गर्द लाल काय आहे म्हणून विचारले. मी आगळात पाणी, साखर आणि मीठ घालून तिला दिले. एक घोट घेऊन तिने डोळे मिटले, मग पेला मैत्रिणींकडे फिरवला. अर्ध्या तासात माझी बाटली निम्मी झाली. विकतच्या दारूच्या बारमध्ये असे झाले असते का, असा विचार मनात आला. तिथे प्रत्येकाचा पेला त्याच्या पैशाचा असतो आणि बिलावर त्याची नोंद असते. इथे प्रत्येकाने काहीतरी घरून आणलेले, त्यामुळे 'थोडे घेऊन पाहा' म्हणायला तोंड उघडत होते. आपल्या अंगतपंगतीचा न्याय तो हाच.

सगळे गोड गोड होते असेही नाही. दहाच्या सुमारास एका टेबलावरच्या तरुणाचा आवाज चढला. जिन्यापाशी बसणारा मुलगा शांतपणे आला, त्याने त्या तरुणाची बाटली उचलली, तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि ती जाताना न्यायला म्हणून बाजूला ठेवून दिली. बाटली त्याचीच राहिली; फक्त रात्रीपुरती तिला रजा मिळाली.

आमच्या टेबलावर भाचीने 'मोनॉपॉली' मांडली. आपण लहानपणी 'व्यापार' खेळलो तो या खेळाचाच हिंदी अवतार. तो या शहरात बसून खेळण्यात एक औचित्य होते, कारण ज्या चार्ल्स डॅरोच्या नावावर हा खेळ जगभर गेला तो इथल्याच जर्मनटाउन भागात राहणारा, मंदीत नोकरी गेलेला विक्रेता. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने त्याच्याकडून खेळ विकत घेतला आणि डॅरो लक्षाधीश झाला. पटावरचे रस्ते मात्र इथून शंभरेक किलोमीटरवरच्या अटलांटिक सिटीचे आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हा खेळ डॅरोने निर्माण केलाच नव्हता. लिझी मॅगी नावाच्या एका बाईने १९०४ साली 'जमीनदाराचा खेळ' म्हणून त्याचे पेटंट घेतले होते. जमीन थोड्यांच्या हाती गेली की बाकीचे भाडे भरता भरता कसे भिकेला लागतात, हे लोकांना खेळातून कळावे एवढाच तिचा हेतू. क्वेकर पंथाच्या मंडळींत तो खेळ घरोघर हाताने रंगवलेल्या पटांवर फिरत राहिला, त्यांनीच त्याला अटलांटिक सिटीच्या रस्त्यांची नावे दिली, आणि तसाच तो डॅरोपर्यंत आला. कंपनीने मॅगीबाईंचे हक्क पाचशे डॉलरला घेतले. १९७०च्या दशकात एका प्राध्यापकाचा आणि कंपनीचा खटला चालला तेव्हा कुठे हा सारा इतिहास उजेडात आला. जमीनदारीची चीड यावी म्हणून काढलेला खेळ जमीनदार होण्याची हौस भागवायला जगभर खेळला जातो, याला काय म्हणावे?

मला त्या रात्री या विनोदाचे हसू आले नाही. माझ्या बॅगेच्या तळाशी, दादाच्या घरी, एक खाकी पाकीट होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या घराचे कागद. वडील गेल्याला दोन वर्षे झाली. एका बिल्डरने मागणी घातली होती. आई त्या घरात राहते, तिच्याबरोबर मी. दादाचा अर्धा वाटा, आणि त्याला तो मोकळा करून हवा असावा असे त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून मला वाटत होते. 'हिस्सा' हा शब्द आमच्यात प्रथमच आला होता, आणि तो आल्यापासून आम्ही हवापाण्यावरच बोलत होतो. दहा दिवस त्याच्या घरी राहूनही ते पाकीट मी बाहेर काढले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

डाव रंगला. वहिनी आगगाड्या घेत सुटली. भाची तुरुंगात जाऊन बसली. दादाने सगळ्यांत महाग रस्ता घेतला, त्यावर घरे बांधली आणि शेवटी हॉटेल उभे केले. लहानपणी तोच बँक सांभाळायचा आणि तोच जिंकायचा, पन्नाशीतही तेच. माझ्याकडे दोन स्वस्तातले रस्ते आणि तीनशे डॉलरच्या आतली कागदी रोकड राहिली. मी फासे टाकले. सात पडले. मोजत मोजत माझी सोंगटी नेमकी दादाच्या हॉटेलात जाऊन उभी राहिली.

भाडे दोन हजार डॉलर. डाव संपला होता.

दादा काहीच बोलला नाही. त्याने पेला उचलला, शेजारच्या टेबलावरचा मनोरा किती उंच झाला ते पाहिले, आणि खिडकीबाहेर काहीतरी दिसल्यासारखी मान वळवली. वहिनी माझ्याकडे पाहत होती. भाचीचे लक्ष नव्हते; तिने फासे उचलले आणि टाकले.

फासे पडल्यावर तिला कळले. "बाबा! तुमचं भाडं!"

"आता गेलं," दादा म्हणाला. "पुढचा फासा पडायच्या आत मागायला हवं होतं. मी विसरलो."

"तुम्ही विसरला नाहीत!"

"नियम वाच."

तिने खोक्यातला कागद काढून वाचला. नियम तसाच होता. मालकाने भाडे वेळेवर मागितले नाही, तर त्याचा हक्क जातो. तिने कपाळाला हात लावला आणि वहिनी मोठ्याने हसली. मी माझे तीनशे डॉलर उगीचच पुन्हा मोजले.

त्यानंतरही डाव मी हरलेच; पण अर्ध्या तासाने, आणि वहिनीच्या आगगाडीखाली.

साडेअकराला दिवे थोडे वाढले. निघण्याची ती खूण. लोकांनी आपापले पेले धुण्याच्या टोपल्यात नेऊन ठेवले, खोकी फळ्यांवर परत लावली. एक तुकडा हरवला तर पुढच्याचा डाव मोडतो, म्हणून प्रत्येक खोक्यातल्या सोंगट्या मोजून ठेवायच्या, अशी तिथली रीत आहे. परिचारिकांनी हात हलवून निरोप दिला. उरलेल्या बाटल्यांची बुचे घट्ट बसवून त्या सगळ्यांनी गाडीच्या डिकीत टाकल्या, कारण इथल्या रस्त्यावर उघडी बाटली घेऊन फिरणे हा गुन्हा आहे. गाडी वहिनीने चालवली. ती रात्रभर आल्याच्या सरबतावर होती.

मागच्या सीटवर दादा माझ्या शेजारी बसला होता. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "आपला तो व्यापाराचा डबा अजून जिन्याखालीच आहे का गं?"

"आहे. शंभराच्या नोटा नाहीत. आईनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या करून ठेवल्यात."

तो हसला. मग नदीवरचा पूल संपेपर्यंत गप्प होता.

"आई आहे तोवर त्या घराचं नाव काढायचं नाही," तो म्हणाला. "तुझ्याजवळचे कागद उद्या सकाळी दाखव. काय लिहून द्यायचं ते बसून लिहू."

सकाळी आम्ही चौघे जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि ते काम तासाभरात झाले. पुढचे पुढे, घर जुने आहे, कधीतरी त्याचाही विचार करावाच लागेल. पण तो कसा करायचा हे आता ठरले आहे.

कार्तिकातल्या पाडव्याला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले म्हणून घरोघरी डाव मांडावा, असा जुना संकेत. आमच्या घरात तो पाळला जाई, तेव्हा आई कवड्या टाकायला बसे. पुण्याला परतल्यावर मी तिला त्या बारची, आगळाची आणि दादाच्या भाड्याची सारी हकिगत सांगितली. बारमध्ये गेल्याबद्दल ती रागावेल असे वाटले होते. ती वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली,

"त्यात नवल काय? लहानपणीही तू त्याच्या घरावर आलीस की तो इकडंतिकडं बघत बसायचा. तुझा डाव लवकर संपला की तू रडायचीस ना! म्हणून तर मी बँक त्याच्याकडं द्यायची."